उलव्यातील घरे आणि सुतारकी

नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणच्या जमिनी १९७० पासून संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मान्य झाला. विमानतळासाठी तर उलवे गावाला मूळ जागाही सोडावी लागली. भूखंड मिळाला, पण शेती गेलेल्या घरातील मुलाच्या हाताला कोणते काम मिळाले?

उलव्यात आज हजारो सदनिका आहेत आणि प्रत्येकीला कपाट, पलंग, ओटा हवा आहे. हे काम पुष्कळसे परप्रांतातून आलेले कारागीर करतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तेही पोटासाठीच आले आहेत. प्रश्न एवढाच की, स्थानिक मुलामुलींनी हे काम शिकावे कोठे? ज्या पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांची दखल इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी घेतली, त्या तालुक्यात हा प्रश्न पडावा, हे विशेष आहे.

सुतारकी पुस्तकाने येत नाही. रंधा तंतूंच्या उलट दिशेने गेला की लाकूड उपटते, हे हाताला कळावे लागते. खाच आणि तिच्यात बसणारे कुसू यांचा सांधा खिळ्यावाचून घट्ट बसेपर्यंत कितीतरी तुकडे वाया जातात. पॉलिशचेही तेच. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचा पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, काचकागद फिरवायचा, पुन्हा हात द्यायचा. घाई केली की डाग उमटतात. वाया जाणाऱ्या या लाकडाचा आणि वेळेचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. पूर्वी तो सुताराचे घर सोसत असे. म्हणून विद्या जातीत राहिली. आता मुंबई-पुण्यात सुट्टीच्या दिवशी शुल्क भरून हौशी मंडळी रंधा हाती धरतात. त्यात वावगे काही नाही, परंतु ती सोय रोजंदारीवरच्या घरासाठी नव्हे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, भत्ता दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य. मात्र अर्जदार आधीच त्या पारंपरिक व्यवसायात असला पाहिजे. म्हणजे जो सुतार आहे त्याला आठवडाभर शिकवायचे, आणि ज्याचे शेत गेले त्याला दारही उघडायचे नाही! शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आठवी उत्तीर्णांना प्रवेश आहे. पण वर्षभर घरी पैसा न आणणे किती कुटुंबांना परवडते?

सिडकोने उलव्यात एक कार्यशाळा उभारावी, अनुभवी सुतारांना, मग ते कोणत्याही प्रांताचे असोत, शिक्षक म्हणून नेमावे आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींना वर्षभर पोटापुरते विद्यावेतन द्यावे. त्यांनी बनविलेली बाके आणि टेबले परिसरातील शाळांनी विकत घ्यावीत.