नाव पुसून मालकी येत नाही

वेबसाइट बनवून देणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. पतसंस्था, शाळा, सराफी पेढ्या ही गिऱ्हाइकं. करारात हल्ली एक कलम हमखास असतं: ‘संपूर्ण सोर्स कोडची मालकी ग्राहकाची राहील.’ त्यावर मी सही करत नाही, कारण ते खरं नसतं.

तारीख निवडायच्या चौकटीमागे बहुधा जेक्वेरी हा तयार जावास्क्रिप्ट कोड असतो. मराठी मजकूर ‘मुक्ता’त असेल, तर तो फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’चा. दोन्ही पैसे न मोजता धंद्यात वापरता येतात, पण दोन्हींना मालक आहेत आणि अटीही. ‘मुक्ता’ नुसता विकता येत नाही. जेक्वेरीच्या एमआयटी परवान्याची अट एवढीच, की कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर काढू नका.

तेवढंही पाळलं जात नाही, याची मला चीड येते. जेक्वेरीच्या छोट्या केलेल्या फाइलीत पहिल्याच ओळीत, टिपेच्या खुणेला चिकटून उद्गारचिन्ह असतं. बाकीच्या टिपा गाळा, ही ठेवा, असा तो फाइल आटवणाऱ्या प्रोग्रॅमला इशारा. एका गिऱ्हाइकाला आपल्या साइटवर दुसऱ्याचं नाव नको होतं. मी ओळ काढली नाही, काम गेलं.

अमेरिकेत रॉबर्ट जेकबसेन यांच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरमधून अशीच नावं गाळली गेली. अशा परवान्याची अट मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं तिथल्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो.

जीपीएल हा परवाना एमआयटीहून कडक. त्याखालचा प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर सोर्सही द्यावा लागतो. सर्व्हरवर चालणारा कोड पाहुण्याकडे जात नाही, म्हणून तो सुटतो. ब्राउझरमध्ये उतरणारी जावास्क्रिप्ट सुटत नाही. एजीपीएल या परवान्याने सर्व्हरची वाटही बंद केली: बदललेला प्रोग्रॅम नेटवरून वापरू दिलात, तर वापरणाऱ्यांना त्याचा सोर्स मिळाला पाहिजे. पतसंस्थेच्या संचालकांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

वकिलांनी कलम असं लिहावं: नव्याने लिहिलेला कोड ग्राहकाचा, उरलेल्या घटकांची परवान्यांसह यादी सोबत जोडावी. साइट बनवून घेत असाल, तर शेवटचा चेक देण्याआधी ती यादी मागून घ्या.