लहान घराला मोठे चित्र

घर लहान असेल तर चित्रही लहानच असावे, असा समज आपल्या सुशिक्षित मंडळींत घट्ट रुजून बसला आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोणी चार-पाच फुटी चित्र आणू म्हटले, की वडीलधारी माणसे, शेजारी आणि हल्ली गृहसजावटीचे सल्लागारही एका सुरात सांगतात, "अहो, एवढ्याशा खोलीत ते अंगावर येईल!" आम्हांला हा उपदेश मान्य नाही. तो सौंदर्यदृष्टीतून नव्हे, संकोचातून निघालेला आहे. आणि त्या संकोचाची किंमत आपल्या भिंतींबरोबर चित्रकारांनीही मोजली आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला. मधुबनी भागात पडझडीची पाहणी करणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला मोडलेल्या घरांच्या आतल्या भिंतींवर चित्रे दिसली. ही चित्रे राजवाड्यातील नव्हेत, मातीच्या घरांतील. तेथे नवदांपत्याच्या खोलीत, म्हणजे कोहबर घरात, कमळवेल आणि बांबू यांची आकृती भिंत व्यापून उभी असते. खोली लहान म्हणून तेथील स्त्रियांनी हात आखडता घेतला नाही. आपल्याकडे डहाणूच्या बाजूस वारली घरांतही तेच. लग्नात सुवासिनी सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने देवचौक रेखतात, त्यात पालघट देवी बसवतात. त्या अंधाऱ्या झोपडीत नजर जाते ती थेट त्या चौकावर.

पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार कागद घेऊन मधुबनीस गेले. स्त्रियांनी कागदावर चित्रे काढावीत, ती विकली जावीत आणि घरात दोन पैसे यावेत, हा हेतू. तो सफल झाला. सीतादेवी, गंगादेवी यांची नावे देशाबाहेर पोहोचली. कागदाला आम्ही मुळीच दोष देत नाही. दोष आहे तो गिऱ्हाइकाचा. भिंतीवरचे कमळ कागदावर आले. कागदावरून भेटकार्डावर, भेटकार्डावरून चहाच्या ट्रेवर उतरले. का? तर, "आमच्या घरात मावेल असे काही दाखवा," असे म्हणणारे आपणच! मातीच्या घरात जे मावत होते, ते आपल्या फ्लॅटमध्ये मावेनासे झाले.

वस्तुतः खोली लहान करतो तो पसारा. कॅलेंडर, घड्याळ, प्रवासातून आणलेले मुखवटे आणि वीतभर चौकटींची रांग, यांत नजरेला ठाव मिळत नाही. एकच मोठे चित्र असले की नजर तेथे स्थिरावते आणि भिंत मागे सरल्यासारखी वाटते. अर्थात उरलेल्या भिंती मोकळ्या ठेवण्याचा निग्रह हवा. चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येईल इतके खाली लावावे. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळावे.

कोणी म्हणेल, मग आजी-आजोबांच्या तसबिरी काय माळ्यावर टाकायच्या? मुळीच नाही. त्या आतल्या खोलीत एका ओळीत लावाव्यात. उलट तेथे त्यांच्याकडे रोज कोणी पाहील तरी. दुसरा आक्षेप बदलीच्या नोकरीचा. बिऱ्हाड पाठीवर घेऊन परप्रांतांत हिंडणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना तो खरा वाटतो. परंतु राजस्थानातील भोपे पाबूजीची पंधरा फुटांच्या आसपासची पड गुंडाळून गावोगाव नेत आले आहेत. रात्री ती उलगडायची, दिव्याच्या उजेडात गायची, पुन्हा गुंडाळायची. कापडावरचे मोठे चित्र काचेच्या दहा चौकटींपेक्षा सुखाने प्रवास करते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. हाताने काढलेले मोठे चित्र स्वस्त नसते, नसावेही. परंतु दर दिवाळीला घेतलेल्या शोभेच्या वस्तूंचा तीन-चार वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. तेवढी वर्षे भिंत रिकामी राहिली तरी चालेल. मग चित्र घ्यायला जाताना भिंतीचे, दाराचे आणि जिन्याच्या वळणाचे माप न्यावे, आणि चित्रकाराला अमुक इंचांत बसवा असे न सांगता, त्याला मनापासून केवढे काढावेसे वाटते ते आधी विचारावे.