दप्तर लोकांचे आहे

पाण्यासाठी मोर्चा निघतो, घरभाड्यासाठी निघतो. महागाईविरुद्ध तर 1972 नंतरच्या काळात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. जन्माच्या वा मृत्यूच्या दाखल्यासाठी मात्र सहसा मोर्चा निघत नाही. दाखला न मिळालेला माणूस एकटाच खेटे घालतो, एकटाच खिडकीपुढे उभा राहतो आणि शेवटी बाहेरच्या झाडाखाली बसलेल्या दलालाच्या हातावर पैसे ठेवून घरी जातो. हजारो माणसांचा एकच अनुभव असूनही तो सामुदायिक अनुभव होत नाही. नगरपालिकेच्या दप्तराचा प्रश्न आपल्या चळवळीच्या विषयपत्रिकेवर कधी ठळकपणे आला नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

दप्तर म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. प्रत्येक महानगरपालिकेच्या लेखी कामाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू नागरिकाच्या आयुष्याची. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद करणे, त्यांचे उतारे देणे, चुका दुरुस्त करणे. मुंबईत जन्म-मृत्यूच्या नोंदीचे काम प्रभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे असते. दुसरी बाजू खुद्द महानगरपालिकेच्या कारभाराची. सभेची कार्यक्रमपत्रिका काढणे, नगरसेवकांचे प्रश्न व प्रस्ताव स्वीकारणे, इतिवृत्त लिहिणे, ठराव जतन करणे. हे काम करणाऱ्यास मुंबईत महानगरपालिका चिटणीस म्हणतात, इतर शहरांत नगरसचिव. पहिल्या दप्तरात माणसाचे अस्तित्व नोंदले जाते, दुसऱ्यात त्याच्या नावाने घेतलेले निर्णय. दोन्हींची मालकी लोकांची आहे. व्यवहारात मात्र दोन्ही दप्तरे लोकांपासून दूर ठेवली जातात.

लेखणीच्या या सत्तेचे मर्म आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारी कचेऱ्यांतील कामगारवर्ग अक्षरशून्य शेतकऱ्याला कसा नाडतो, याची सविस्तर चिकित्सा केली. जमीन, पाणी आणि पैसा यांच्याइतकेच कागदही शोषणाचे साधन होऊ शकतो, हा त्यातला बोध आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद लुबाडतो. आणि ज्याला वाचता येते, पण नियम ठाऊक नाही, त्यालाही लुबाडण्याइतका आजचा कागद गुंतागुंतीचा झाला आहे.

कायदा काय सांगतो

जन्म आणि मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा 1969 सालचा. जन्म वा मृत्यू झाल्यापासून 21 दिवसांच्या आत कळवल्यास नोंद विनाशुल्क होते आणि कळवणाऱ्यास पहिला दाखला मोफत द्यावा लागतो. 30 दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद करता येते. त्यानंतर एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. 2023 च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे सोपवला. मुलाचे नाव ठरले नसले तरी जन्माची नोंद होऊ शकते. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, पुढेही विहित मुदतीत शुल्क भरून घालता येते. या तरतुदी अवघड नाहीत. अवघड आहे ते त्या तरतुदी ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत पोहोचणे.

इस्पितळात जन्मलेल्या मुलाची माहिती इस्पितळच कळवते. प्रश्न आहे तो इतरांचा. नोंद जन्म जेथे झाला तेथेच करावी लागते. ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या कोपीत बाळंत झालेली बाई, वीटभट्टीवर वा बांधकामावर मुक्काम असलेले कुटुंब, पदपथावर राहणारे कुटुंब यांच्या आयुष्यात 21 दिवसांची मुदत कोणत्या दिवशी सुरू झाली आणि कोणत्या दिवशी संपली, हे कोण सांगणार? हंगाम संपतो, मुक्काम हलतो. सहा वर्षांनी मूल शाळेत घालताना आईला कळते की, सरकारच्या लेखी हे मूल जन्मलेलेच नाही.

आजवर अशा मुलाला आडवाटा होत्या. शाळेचा दाखला, आधारपत्र वा प्रतिज्ञापत्र यांवर निभावून जाई. 2023 च्या दुरुस्तीने ही स्थिती पालटली आहे. 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या जन्मदिनांकाचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र आणि आधार या सर्वांसाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जाणार आहे. सुखवस्तू घराला ही सोय वाटेल, आणि एका मर्यादेत ती सोय आहेही. परंतु एकाच कागदावर इतकी दारे उघडणार असतील तर तो कागद नसलेल्याच्या तोंडावर ती सारी दारे एकदमच बंद होतील. या मुलांपैकी सर्वांत मोठी मुले 2029 च्या सुमारास शाळेच्या पहिल्या इयत्तेच्या दाराशी येतील. तोवर नोंदवहीतील गाळलेल्या जागा भरून काढल्या नाहीत, तर शिक्षणाचा हक्क दाखल्याच्या खिडकीपाशीच अडेल.

त्यात महाराष्ट्रात आणखी एक भर पडली. उशिरा होणाऱ्या नोंदींत गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांवरून राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये असे आदेश देण्याचे काम थांबवले, चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि मार्च 2025 मध्ये या नोंदींसाठी कडक कार्यपद्धती जारी केली. खोटे दाखले देणाऱ्या अधिकाऱ्यावर व दलालावर कारवाई झाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु उशिरा नोंद मागणारा प्रत्येक जण घुसखोर असल्याच्या संशयाने कारभार चालू लागला, तर त्याचा भार कोणावर पडतो? भटक्या-विमुक्तांवर, आदिवासींवर, मुस्लिम वस्त्यांवर, परप्रांतातून आलेल्या मजुरांवर आणि घरी बाळंत झालेल्या गरीब बाईवर. नोंद राहिली ती शासनयंत्रणा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून. यंत्रणेच्या गैरहजेरीचा पुरावा त्यांच्याकडूनच मागणे हा न्याय नव्हे.

मृत्यूची नोंदही तितकीच जिवंत माणसांची असते. निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा, शिधापत्रिका, खोलीचे हस्तांतर, यांतले एकही काम विधवेला मृत्यूच्या दाखल्यावाचून करता येत नाही. कोविडच्या साथीत हे सर्वांनाच कळले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशांनंतर मृतांच्या वारसांना 50,000 रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळायचे होते. मृत्यू कोविडने झाला हे कागदोपत्री सिद्ध करता करता अनेक कुटुंबांची दमछाक झाली. मृत्यूचे कारण लिहिताना टाकलेल्या एका शब्दावर एका घराची चूल अवलंबून होती.

या दप्तराची दारे थोडी उघडली आहेत, तीही लढूनच. अविवाहित मातेला वडिलांचे नाव न सांगता प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. नोंदवहीचा एक रकाना बदलण्यास स्त्रीमुक्तीच्या चळवळीची कित्येक दशके खर्ची पडली आहेत.

दुसरे दप्तर

आता कारभाराच्या दप्तराकडे वळू. फिरोजशहा मेहता यांच्या प्रभावाखाली घडलेला मुंबई महानगरपालिकेचा 1888 चा कायदा आजही त्या संस्थेचा आधार आहे. त्या काळी मतदार मूठभर करदाते होते. प्रौढ मताधिकारावर मुंबईची पहिली निवडणूक 1948 मध्ये झाली. तरीही एक तत्त्व त्या मूळ रचनेतच होते. आयुक्ताच्या अंमलबजावणीवर निर्वाचित सभेचा लगाम असावा आणि त्या सभेचे लेखी दप्तर आयुक्ताच्या मर्जीवर नसावे. म्हणून चिटणीस सभेने नेमायचा, आणि सभेचा व स्थायी समितीचा सचिव म्हणून काम करायचे ते त्याने.

मार्च 2022 मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरील वादांत निवडणुका रखडल्या आणि त्या जानेवारी 2026 मध्ये झाल्या. जवळजवळ चार वर्षे आयुक्त हाच प्रशासक होता. प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजूर करणाराही तोच. महानगरपालिकेचा आणि स्थायी समितीचा ठराव म्हणून जे कागद या काळात तयार झाले, त्यांच्या आधी ना प्रश्न विचारला गेला, ना उपसूचना मांडली गेली, ना विरोधी मत नोंदले गेले. राज्यातील इतर अनेक महानगरपालिकांची गत हीच होती. आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. त्यांचे पहिले कर्तव्य म्हणजे प्रशासकीय काळातील ठराव विषयवार लावून जनतेपुढे ठेवणे. कोणती जमीन कोणाला दिली, कोणत्या कंत्राटाची मुदत वाढवली, कोणती ठेव मोडली, हे चिटणिसाच्या कपाटात आहे. ते मागून घेण्यासाठी बहुमत लागत नाही. जागा एक असली तरी प्रश्न विचारता येतो.

नागरिकालाही हे दप्तर पाहण्याचा अधिकार आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अनेक गोष्टी न मागता जाहीर करण्याचे बंधन संस्थांवर घातले आहे. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने 26 नोव्हेंबर 2018 रोजी कळवले होते. या सोयीचा लाभ आपल्या किती शाखांनी घेतला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कारकून आणि कार्यकर्ता

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. खिडकीपलीकडे बसलेला कारकून हा आपला शत्रू नव्हे. पदे रिक्त ठेवायची, एका माणसावर तिघांचे काम लादायचे, बाकीचे कंत्राटी हातांवर उरकायचे आणि मग लोकांचा राग त्याच कारकुनावर लोटायचा, ही खासगीकरणाची ओळखीची वाट आहे. दप्तर ठेवणे हे कायमचे आणि जबाबदारीचे काम आहे. ते आज आहे उद्या नाही अशा नेमणुकीवर चालवता येणार नाही. संगणकाने कष्ट कमी केले आहेत, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्याकडे फोन आहे, अक्षरओळख आहे आणि पैसे भरण्याची सोय आहे, त्याच्यासाठी संगणक ही खिडकी आहे. बाकीच्यांसाठी ती आणखी एक भिंत, आणि त्या भिंतीपाशी नवा दलाल बसला आहे.

मात्र कामगार संघटनांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. वेतनश्रेणीसाठी लढणाऱ्या कर्मचाऱ्याने खिडकीशी आलेल्या मोलकरणीला तीनदा परत पाठवले, तर त्याच्या संपाच्या दिवशी ती त्याच्या बाजूने उभी राहणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा. त्याखाली अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळते, मुदत ठरलेली असते, नकाराचे कारण लेखी द्यावे लागते, दोन अपिले करता येतात आणि शेवटी आयोगाकडे जाता येते. कसूर केल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा कर्मचाऱ्यावर उगारण्याची काठी म्हणून वापरू नये. पुरेसे कर्मचारी नसतील तर मुदत पाळता येणार नाही, हे वरिष्ठांना ठणकावून सांगण्याचे ते कर्मचाऱ्याचेही साधन आहे.

आणि कार्यकर्त्यांविषयी? वस्तीतील माणसाला दाखला मिळवून देणे हे आपल्यातील अनेक जण निष्ठेने करतात. परंतु ओळखीने, चिठ्ठीने आणि साहेबांना फोन करून मिळवलेला दाखला घेणारा मिंधा होतो आणि देणारा नकळत पुढारी होतो. पैसे न घेणारा दलाल हाही अखेर मध्यस्थच. इतर पक्षांच्या शाखा हेच करतात आणि त्यावर मते मिळवतात. तीच रीत आपण अधिक सचोटीने चालवली, एवढ्याने समाजवाद येत नाही. दाखला ही कृपा आहे, ही समजूत मोडणे हे आपले काम आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत. आपल्या वस्तीत 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांची घरोघर जाऊन यादी करावी आणि नोंद नसलेल्यांचे अर्ज एकत्र, एकाच दिवशी, आयांनी स्वतः जाऊन द्यावेत. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि अपील अधिकाऱ्याचे पद यांचा फलक मराठीत ठळकपणे लावण्याचा आग्रह धरावा. निबंधकाने नकार दिल्यास तो लेखी घ्यावा आणि 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करावे. महानगरपालिकेकडे वस्त्यांत, बांधकामांच्या आणि वीटभट्ट्यांच्या ठिकाणी जाणारी फिरती नोंदणी पथके मागावीत. ग्रामीण भागात हीच मागणी साखर कारखान्यांच्या हंगामी वस्त्यांसाठी करावी. उशिरा नोंदीच्या प्रकरणात चौकशीचा भार यंत्रणेने उचलावा आणि तीही ठरलेल्या मुदतीत संपवावी. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. सभागृहाच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त प्रभाग कार्यालयात वाचावयास ठेवावे.

या कामांत टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रांत छायाचित्र नाही. परंतु शंभर आया एकाच सकाळी खिडकीपुढे उभ्या राहतील आणि आपापली पोच हातात घेऊन परततील, तेव्हा एकेकट्याच्या खेट्यांतून सामुदायिक हक्काची सुरुवात झालेली असेल. त्यानंतर मोर्चा काढण्याची वेळ आलीच, तर तो कशासाठी आहे हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.