निवड झाली, सत्कार झाला. पुढे लेकराचे काय?

दरवर्षी नवोदय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एखाद-दुसऱ्या वस्तीत सणासारखे वातावरण असते. चौकात बॅनर लागतो. बुद्ध विहारात सत्कार होतो. लेकराच्या गळ्यात हार पडतो, हातात बाबासाहेबांचे पुस्तक दिले जाते आणि बापाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. वकील म्हणून, कार्यकर्ता म्हणून मलाही अशा कार्यक्रमांना बोलावतात आणि मीही भाषण ठोकतो. ‘आता मागे वळून पाहू नको, समाजाचे नाव काढ’ हे वाक्य मी किमान दहा-बारा सत्कारांत म्हटले असेल. समोर बसलेले मूल अकरा वर्षांचे असते. समाजाचे नाव काढणे म्हणजे काय हे त्याला कळत नसते. त्याला एवढेच कळत असते की पेटी, गादी आणि बादली घेऊन आता आईपासून लांब जायचे आहे. ते वाक्य म्हणण्यात माझी चूक होत होती, हे मला उशिरा कळले. म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जिल्ह्याजिल्ह्यात नवोदय विद्यालये काढण्याचे ठरवले. प्रायोगिक स्वरूपात पहिली दोन १९८५-८६ साली सुरू झाली होती. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. हिंगोली जिल्ह्याचे विद्यालय वसमतला आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत अशा पाच तालुक्यांतून सहावीच्या वर्गात घ्यायची मुले जास्तीत जास्त ८०. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा एवढेच विषय. सहावीसाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, पण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी नाहीत. ओबीसींना २७ टक्के जागा मिळायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी घेतात, तोही अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना, सर्व मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ आहे. सीबीएसईच्या २०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांत नवोदयचा निकाल ९९ टक्क्यांच्या वर लागला. ज्या बापाने दुसऱ्याच्या रानात हळद काढली, त्याचे पोर याच वाटेने डॉक्टर-इंजिनिअर झाल्याची उदाहरणे आपल्याच नात्यागोत्यात सापडतील. तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये. नवोदयच्या विरोधात मी एक अक्षरही लिहिणार नाही. सरकारने ग्रामीण गरिबांसाठी केलेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे. माझा प्रश्न दाराच्या आतला आहे. दार उघडून घेण्यासाठी आपण जेवढे झटतो, तेवढे आत गेलेल्या लेकरासाठी झटतो काय?

निवासी शाळेतला दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठायचे, मैदानावर पीटी, मग आंघोळीला रांग, नाश्त्याला रांग, परिपाठ, तास, जेवण, दुपारचा अभ्यास, संध्याकाळी खेळ, हजेरी, रात्रीचे जेवण, पुन्हा अभ्यास आणि मग दिवे बंद. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी सदनांची नावे. सदनासदनांत स्पर्धा: खेळात, स्वच्छतेत, गुणांत, गाण्यात. ही शिस्त वाईट नाही. पण ज्या मुलाने गावातल्या झेडपीच्या शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही, ते इथे अशा ८० मुलांत येते जे सगळेच आपापल्या शाळेत पहिले होते. पहिल्या चाचणीत त्याचा नंबर चाळिसावा येतो. त्याच्या बुद्धीला काहीच झालेले नसते, फक्त मोजण्याचे माप बदललेले असते. हे त्या वयात त्याला कोणी समजावून सांगितले नाही तर ‘मी ढ आहे’ असे ते स्वतःच ठरवून टाकते.

त्यात भाषेचा डोंगर. सुरुवातीची काही वर्षे मायबोलीतून शिक्षण आणि मग गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून. नववीत गेल्यावर वर्गातील ३० टक्के मुलांनी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये राहायचे, अशीही योजना आहे. राष्ट्रीय एकात्मतेसाठी ती चांगली आहे. पण शहरातल्या मास्तराच्या पोराला घरात इंग्रजी पेपर येतो आणि आमच्या पोराच्या घरात रेशनकार्डाशिवाय छापील कागद नसतो. दोघांच्या पायाखालचे रान सारखे नाही. शर्यत मात्र एकच.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही, मुलाचेही नाही. आमच्याच भागातील एका वस्तीतला मुलगा एका निवासी शाळेत लागला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परत. शाळेत महिन्यातून एका रविवारी पालकांनी भेटायला यायचे. इतरांचे आईबाप डबे घेऊन येत, झाडाखाली पंगती बसत. हा पोरगा त्या दिवशी खोलीतच बसून राही. आपल्याकडे कोणी येणार नाही हे माहीत असताना गेटकडे कशाला बघायचे? दिवाळीच्या सुटीत घरी आला तेव्हा परत जायला तयार होईना. आई माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, ‘‘दादा, तुमी सांगून बघा, माझं ऐकतच न्हाई लेकरू.’’

मी त्याला बाहेर ओट्यावर घेऊन बसलो. बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘मामा, मला कोट्यातून घेतलं म्हंजे मला मार्क कमी होते का?’’

मी हादरलो. हळूहळू सगळे बाहेर आले. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी वर्गात मोठ्याने सांगितले गेले होते की एससीवाल्यांनी तास संपल्यावर थांबायचे. सांगणाऱ्याच्या मनात कदाचित काही वाईट नसेल, काम लवकर उरकायचे असेल. पण त्या दिवसापासून खोलीतली मुले त्याला ‘कोटा’ म्हणू लागली. बादलीला हात लावू नको, कोटा. पुढे बसू नको, कोटा. गावात त्याची जात सगळ्यांना माहीत होती, पण तिथे आई होती, वस्ती होती, निळा झेंडा होता. इथे तो एकटा होता.

मी त्याला वकिलासारखे उत्तर दिले, कारण मला तेवढेच येते. सांगितले की परीक्षेचा पेपर तुला आणि त्यांना एकच होता आणि तो तू लिहिलास. सांगितले की १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशातील जागांची वाटणी रद्द केली, तेव्हा त्याच वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती होऊन कलम १५(४) आले आणि त्या वेळी देशाचे कायदामंत्री बाबासाहेब होते. तुझी जागा कोणी दयेने दिलेली नाही, घटनेने दिली आहे. ग्रामीण मुलांना जागा राखीव आहेत, मुलींना आहेत. त्यांना कोणी ‘कोटा’ म्हणते का? नाही. मग तुलाच का? पोरगा हसला. पण मला माहीत होते की माझे हे भाषण त्या खोलीत रात्री त्याच्या सोबतीला असणार नाही.

तो परत गेला. त्यानंतर त्याचे आईबाप फडात असताना महिन्याच्या रविवारी मी किंवा आमच्या विहारातला कोणीतरी त्याच्याकडे जातो. मामा म्हणून सही करतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. मुख्याध्यापकांना भेटून शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचू नका, अशी विनंती केली, त्यांनी ती ऐकली. एवढेच केले आणि एवढ्याने फरक पडला. मग प्रश्न पडतो, हे आधी का सुचले नाही?

कारण आपल्याला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने माहितीच्या अधिकारात मिळवलेली आकडेवारी छापली होती. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातील नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतील निम्मे दलित-आदिवासी होते. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्र सरकारला नोटीसही काढली. वकील म्हणून मी प्रामाणिकपणे सांगतो, या शाळांत आपली मुलेही मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे केवळ या एका आकड्यावरून जातीय छळ सिद्ध होत नाही. पण ४९ घरांतली लेकरे परत आली नाहीत, हे तर सिद्ध होते ना? रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो आणि ते योग्यच होते. पण ते मोठे होते, त्यांच्याबद्दल बोलणाऱ्या संघटना होत्या. अकरा-बारा वर्षांच्या पोराची संघटना कोणती?

कायदे नाहीत असे नाही. अॅट्रॉसिटी कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. पण सहावीतले पोर फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात जात नाही. ते जेवण कमी करते, पत्र लिहिणे बंद करते, पोट दुखते म्हणून सांगते. त्याची फिर्याद ती एवढीच असते. ती वाचणारा माणूस शाळेत हवा. दिवसभर पाच-सहा तास शिकवून दमलेल्या शिक्षकालाच रात्री सदनप्रमुख करून पन्नास मुलांचा आईबाप व्हायला लावायचे, हा त्या शिक्षकावरही अन्याय आहे.

आता तर सर्वोच्च न्यायालयानेच वाट करून दिली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात न्यायालयाने देशातील शाळा, महाविद्यालये, कोचिंग आणि वसतिगृहे अशा सर्वांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांना लाजवू नये. वंचित समाजातून आलेल्या विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. नवोदय असो, समाजकल्याणची अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींची शासकीय निवासी शाळा असो, आदिवासी आश्रमशाळा असो की लातूर-नांदेडच्या कोचिंगची होस्टेल असोत, आपल्या जिल्ह्यातले मूल जिथे जिथे राहते तिथे हा समुपदेशक आहे काय, हे विचारायला वकील लागत नाही. साधा माहितीचा अर्ज लागतो.

वसतिगृह म्हणजे काय, हे आपल्या महापुरुषांना नेमके माहीत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापुरात सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेल्या भीमरावाला शाळेचे दार उघडे असणे आणि शाळा आपली असणे यातला फरक कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच या माणसांनी मुलांच्या पोटाबरोबर त्यांच्या मनाचीही व्यवस्था लावली.

समाजबांधवांनो, सत्कार जरूर करा. पण हार घालताना त्या लेकराच्या डोक्यावर साऱ्या समाजाचे ओझे ठेवू नका. ‘नाक कापू नको’ म्हणू नका. ‘जमलं नाही तर घर आहे’ असे सांगा. पहिल्या वर्षी नंबर घसरला तर रागावू नका. जे पोर परत येईल त्याला पळपुटा म्हणू नका, त्याच्यासाठी गावची शाळा आहे. ज्याचे आईबाप फडात आहेत, त्याच्यासाठी वस्तीतल्या दोघांनी रविवार वाटून घ्या. आत आधीपासून शिकणाऱ्या आपल्या मोठ्या मुलांना सांगा, नवीन आलेल्याला हाताशी धरा. विहारात नवोदयच्या तयारीचे वर्ग चालवतो तसे निवड झालेल्या मुलांना सुटीत एकत्र बसवून त्यांचे ऐकून घ्या. आणि पालक सभेला हात जोडून मागच्या खुर्चीत बसू नका. पुढे बसा, विचारा, लिहून द्या. ती शाळा सरकारची आहे, म्हणजे तुमची आहे.

पुढच्या महिन्याचा रविवार जवळ आला आहे. त्या पोराने या वेळी चटणीसोबत लोणचेही आणायला सांगितले आहे. शेजारच्या खाटेवरच्या मित्राला आवडते म्हणे.

जयभीम!