बोट कशाची आणि इंजिन केवढे?

मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की दिल्ली, नोएडा, गुडगावातल्या मराठी घरांतून कोकणच्या गाड्यांची तिकिटे काढण्याची घाई सुरू होते. यमुनेकाठी वाढलेल्या मुलांना समुद्राचे अप्रूप भारी. किनाऱ्यावर पाय ठेवला, की त्यांचा पहिला हट्ट असतो स्पीडबोटीत बसण्याचा. वडील बोटवाल्याला विचारतात, "इंजिन किती पॉवरचे आहे?" तो मोठा आकडा सांगतो आणि सगळे समाधानाने बोटीत चढतात. पण बोट कशाची बनवली आहे, तिचे बूड कसे आहे आणि ती एवढ्या मोठ्या इंजिनाला पेलणारी आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. या वेळी त्याविषयी थोडेसे.

साधी होडी पाणी बाजूला सारत पुढे जाते. तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. २५ फुटी होडी अशा रीतीने ताशी सुमारे १२ किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. जास्त जोर लावला तर तो लाटा उठवण्यातच खर्च होतो. स्पीडबोटीची तऱ्हा वेगळी. जोर मिळताच ती नाळ उचलून पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. ओढ्यात चपटा दगड टिपऱ्या घेत जातो, तसाच काहीसा हा प्रकार.

या घसरणाऱ्या बोटींसाठी तंत्रज्ञ एक ढोबळ हिशेब वापरतात. अश्वशक्तीला बोटीच्या वजनाने भागायचे. जे उत्तर येईल, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग मिळतो. म्हणजे इंजिनाची ताकद दुप्पट केली, तर वेग दुप्पट होत नाही, दीडपटसुद्धा होत नाही. ताशी ५५ किलोमीटरने जाणारी बोट फार तर ७८ पर्यंत पोचते. वेग दुप्पट हवा, तर ताकद चौपट लागते. त्यातही मोठे इंजिन स्वतः जड असते आणि त्याला इंधनही जास्त लागते, म्हणून प्रत्यक्ष फायदा याहून कमीच. उलट बोटीचे वजन निम्मे केले, तर इंजिन न बदलता तोच फायदा पदरात पडतो. बोट कशाची करायची, या प्रश्नाला महत्त्व येते ते यामुळे.

लाकूड, फायबर, अ‍ॅल्युमिनियम

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्याच होड्या बांधल्या गेल्या. लाकूड लवचिक असते, लाटेचा धक्का जिरवते आणि गावातल्या सुताराला दुरुस्त करता येते. पण ते पाणी पिते, कुजते, किडे त्याला पोखरतात आणि दरवर्षी डागडुजी मागते. काचेच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर चढवले, की फायबरची बोट तयार होते. ती कुजत नाही, हवा तो आकार घेते आणि बेताच्या किमतीत मिळते. मात्र थर घाईने चढवले, मध्ये हवा राहिली, तर पुढे पाणी आत शिरून फोड येतात. रंग चकचकीत असला तरी आतली खोट दिसत नाही.

शर्यतीच्या बोटींत काचेच्या धाग्यांऐवजी केव्हलार किंवा कार्बनचे धागे वापरतात. केव्हलारचा शोध १९६५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लावला. बंदुकीच्या गोळीला अडवणारी जाकिटे याच धाग्याची. कार्बन त्याहून ताठ, पण महाग; आणि मर्यादेबाहेर ताण पडला, तर पूर्वसूचना न देता तुटतो.

अ‍ॅल्युमिनियमचा गुण असा, की ते आपटले तर बहुधा पोचा येतो, चिरफळ्या होत नाहीत. म्हणून गस्तीच्या बोटींना ते सोयीचे. लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलाला ५४ इंटरसेप्टर बोटी बांधून दिल्या. त्यांचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, लांबी सुमारे २७ मीटर आणि वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. त्यांना पंखा नसतो. पाणी आत ओढून मागे जोराने फेकणाऱ्या यंत्रावर त्या चालतात. पण खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला तांबे किंवा पितळ लागून राहिले, तर ते झिजू लागते. त्यासाठी जस्ताचे तुकडे बसवतात. आधी जस्त झिजते आणि बोट वाचते.

बुडाचा आकार

सपाट बुडाची बोट शांत पाण्यावर झकास पळते, पण लाटांवर आपटून आतल्या माणसांची हाडे खिळखिळी करते. १९६० सालच्या मायामी ते नसाऊ या शर्यतीत समुद्र खवळलेला होता. त्या दिवशी रे हंट यांनी आखलेली 'मॉपी' ही लाकडी बोट जिंकली. तिचे बूड नाळेपासून मागपर्यंत खोल इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे होते. लाटेवर आपटण्याऐवजी ती लाट कापत गेली. पुढे त्याच आकाराच्या फायबरच्या बोटी निघाल्या आणि खुल्या समुद्रातल्या वेगवान बोटींचा तो नमुनाच ठरला. त्या दिवशी कामी आला तो बुडाचा घाट.

हलकेपणा आणि ताकद यांनाही सीमा असते. ३ ऑक्टोबर १९९० रोजी मोनाकोजवळच्या शर्यतीत राजकन्या कॅरोलाइन यांचे पती, जगज्जेते स्टेफानो कासिरागी यांची जोडनावेसारखी दोन अंगांची बोट उलटून त्यांचा मृत्यू झाला. अशा बोटीच्या दोन अंगांमधून वारा शिरतो आणि तिला उचलून धरतो. वेग मिळतो तो त्यामुळेच. पण नाळ जरा जास्त उचलली गेली, की तोच वारा बोट पालथी करतो.

आपल्याकडे मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर 'पी-वन' पॉवरबोटींची शर्यत झाली. आपल्या दिल्लीचा रॅलीपटू गौरव गिल तिच्यात उतरला होता. सगळ्यांना एकसारख्याच बोटी होत्या, २८ फुटी आणि २५० अश्वशक्तीच्या. बोट आणि इंजिन सारखेच असले, की उरतो तो चालकाचा हात आणि शेजारच्या साथीदाराची नजर.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपण दिल्लीकरांनी पाहिले आहे. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान हवा भरलेल्या रबरी बोटी घेऊन आले. त्या ट्रकमधून नेता येतात, उथळ पाण्यात चालतात आणि भिंतीला घासल्या तरी कोणाला इजा होत नाही. लहान इंजिन त्यांना पुरते. नोएडाकडची गुरेसुद्धा जवानांनी पाण्यातून बाहेर काढली. तिथे वेगवान बोट कुचकामी ठरली असती.

बोटीला ब्रेक नसतो

ताशी ७४ किलोमीटरने जाणारी बोट पाच सेकंदांत शंभर मीटर कापते, आणि तिला ब्रेक नसतो. शिवाय बहुतेक स्पीडबोटींना वेगळे सुकाणू नसते. पंख्याचा झोत वळवूनच बोट वळते. इंजिनाने दगा दिला, तर वळवण्याचे साधनही हातातून जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना बिघाड होऊन ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. 'नीलकमल'वर शंभरावर माणसे होती. पंधरा जणांचे प्राण गेले. सुट्टीत फिरायला निघालेली, आपल्यासारखीच कुटुंबे होती ती.

म्हणून मुलांचा हट्ट जरूर पुरवा, पण बोटीत चढण्यापूर्वी पाच मिनिटे काठावर थांबा. बोटीत किती माणसे बसवायची परवानगी आहे, ते वाचा आणि बसलेली माणसे मोजा. चार माणसे जास्त झाली, की बोटीचा सारा तोल बदलतो. बुडाला तडे किंवा घाईने लिंपलेले ठिगळ दिसते का, ते पाहा. इंजिनाच्या चावीला एक लाल, गुंडाळीची दोरी असते. तिचे दुसरे टोक चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवलेले असले पाहिजे. तो पाण्यात फेकला गेला, तर दोरी निसटून इंजिन आपोआप बंद पडते. ती नुसतीच लोंबत असेल, तर त्याला अडकवायला सांगा. जीवरक्षक जाकीट मुलांच्या मापाचे मागा. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. ते पायाशी ठेवू नका, बंद आवळून अंगात घाला.

बोटवाला कदाचित हसेल, "काही होत नाही, साहेब" म्हणेल. हसू द्या. तो तयार नसेल, तर दुसरी बोट बघा. इंजिन किती पॉवरचे आहे, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.