पांढरा एक्स-रे म्हणजे जुळलेले हाड नव्हे

वाहनाखाली सापडलेल्या शेळीच्या नडगीचा चुरा झाला आणि मेलेले तुकडे काढून टाकावे लागले, की दोन टोकांमध्ये उरलेली मोठी पोकळी नुसत्या प्लास्टरने भरून येत नाही. त्याच जनावराच्या कमरेच्या किंवा खांद्याजवळच्या हाडातला जाळीदार भाग खरवडून तिथे भरणे हा आजही पहिला उपाय, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण लहान करडात असे हाड निघते चिमूटभर, आणि त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. म्हणून कृत्रिम अस्थिद्रव्यांचा विचार परभणी जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांनीही केला पाहिजे. मात्र ती निवडताना हाडाशी असलेल्या साम्याइतकेच, ती किती वेगाने विरतात, हे पाहावे.

हाडाचे खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या जातीचे. शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण १.६७, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये १.५. कागदावर किरकोळ दिसणारा हा फरक शरीरात फार मोठा ठरतो. भट्टीत भाजलेले पहिले द्रव्य वर्षानुवर्षे तसेच राहते, दुसरे काही महिन्यांपासून विरू लागते. १८९२ साली ड्रेसमन यांनी हाडाच्या पोकळीत वापरलेले प्लास्टर ऑफ पॅरिस तर काही आठवड्यांतच, बहुधा नवे हाड येण्याआधीच, संपते. दोन्ही फॉस्फेटांचे मिश्रण वापरतात ते विरण्याचा वेग मधला राखण्यासाठीच.

नेमकी इथेच एक्स-रे फसवतो. या द्रव्यांचे दाणे मुळातच पांढरे उमटतात, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही पोकळी भरलेली दिसते. दाण्यांची कड पुसट होते आहे का, दाणे आणि मूळ हाड यांच्यामधली काळी रेघ जाते आहे का, हे तपासल्याशिवाय पिना काढू नयेत. हे द्रव्य ठिसूळ असते. जनावराचा भार प्लेटने किंवा बाहेरच्या फिक्सेटरनेच पेलला पाहिजे. पू झालेल्या जखमेत तर ते भरूच नये.

शेळीच्या किमतीपेक्षा दाणे महाग पडतात, हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो आणि तिथे पशुपालकाला तसे स्पष्ट सांगावे. परंतु लाल कंधारी कालवडीचे किंवा पैदाशीच्या उस्मानाबादी बोकडाचे सारे मोल त्याच्या पायांवर उभे असते. शिवाय त्याच जनावराची अस्थिमज्जा सुईने ओढून दाण्यांत मिसळली, तर दाण्यांत नसलेल्या पेशीही थोड्याफार मिळतात. पूर्ण वाढलेल्या बैलाचे वजन प्लेटला किंवा फिक्सेटरला पेलणे अवघड, हा आक्षेप मात्र मान्य केलाच पाहिजे.

१९७२ पासून परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दाणे प्रत्यक्षात किती वेगाने विरतात हे कळावे म्हणून तालुक्यातल्या दवाखान्यांनी एकाच कोनातून, ठरावीक अंतराने काढलेले एक्स-रे तिथल्या शल्यचिकित्सा विभागाकडे पाठवावेत, उपचार फसलेल्या जनावरांचेही.