थोडी जागा सोडली आहे ना!

फुटपाथवर गाडी लावणाऱ्याला हटकलं, तर तो सहसा भांडत नाही. मागे वळून गाडीकडे बघतो आणि शांतपणे म्हणतो, ‘‘जागा सोडलीय की चालायला!’’ आणि खरोखरच सोडलेली असते. भिंत आणि गाडीचा आरसा यांच्यामध्ये हातभर, फार तर दीड हात. धडधाकट माणूस अंग चोरून त्यातून निघून जातो. गाडी लावणाऱ्याने मनातल्या मनात तेवढंच मोजलेलं असतं: मी यातून जाईन का? जाईन. मग झालं तर.

हे आवाहन त्या मोजमापाबद्दल आहे. फुटपाथवरून हॉर्न वाजवत गाड्या दामटणाऱ्यांशी मला इथे बोलायचं नाही. त्यांच्याशी पोलिसांनीच बोलावं. मी बोलतोय ते एरवी सिग्नल पाळणाऱ्या, रांगेत उभं राहणाऱ्या आणि ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून स्कूटर फुटपाथवर चढवणाऱ्या सभ्य माणसांशी. फुटपाथ अडतात ते मुख्यतः आपल्यामुळे, कारण आपण संख्येने जास्त आहोत.

आधी जरा टेप घेऊन बघू. व्हीलचेअरला सरळ पुढे जायला साधारण 90 सेंटिमीटर रुंदी लागते. खुर्ची त्याहून अरुंद असते, पण चाकं हाताने ढकलताना कोपरं बाहेर येतात. समोरून दुसरी खुर्ची आली तर दुप्पट, म्हणजे 1.8 मीटर जागा हवी. रस्ते कसे बांधावेत याची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनेही पदपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटरच सांगितली आहे. आता आपल्या नेहमीच्या स्कूटरची लांबी बघा. तीही जवळपास 1.8 मीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या फुटपाथवर एक स्कूटर आडवी लावली की तो फुटपाथ संपला. तिरकी लावली तर हातभर उरतो आणि तीच ती ‘सोडलेली जागा’. शिवाय नियमाप्रमाणे बांधलेले फुटपाथ आपल्या गावात किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचं काय होतं, ते एकदा नीट बघा. काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरते. खड्डा, पायरी, भिंत, कुंडी हे सगळं तिला कळतं. मोटारसायकल मात्र तिला फसवते. दोन चाकांच्या मधल्या पोकळीतून काठी निघून जाते, वाट मोकळी आहे असं हाताला वाटतं आणि पुढच्याच पावलाला हँडल पोटात बसतं किंवा आरसा छातीवर आदळतो. नुकतीच लावलेली गाडी असेल तर सायलेन्सर पोटरीला चटका देतो. मागे फळी उघडी टाकलेला टेम्पो तर याहून वाईट, कारण काठी खालून जाते आणि फळी थेट तोंडावर येते. अंध माणूस रोजची वाट पाठ करून चालतो. इथे खांब, इथे झाड, इथून वीस पावलांवर बसस्टॉप. काल नसलेली गाडी आज आली की ते पाठांतर मोडतं. ती उद्या पुन्हा तिथे असेल की नाही, हेही त्याला सांगता येत नाही.

नव्या पदपथांवर आणि मेट्रो स्थानकांत पिवळ्या, उठावाच्या फरशा दिसतात. बऱ्याच जणांना ती शोभा वाटते आणि काहींना चक्क गाडी लावायची रेघ! जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 साली त्या तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पायाने आणि काठीने वाचायची ती ओळ आहे. तिच्यावर स्कूटरचं चाक ठेवलं, तर वाट दाखवणारी ओळच माणसाला गाडीवर नेऊन आदळते.

बरं, फुटपाथ अडला की माणूस काय करतो? खाली उतरतो. हे ‘खाली उतरणं’ आपण फार सहज म्हणतो. मानकाप्रमाणे फुटपाथची कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, पण रस्त्यांवर डांबराचे थर चढतात, मग फुटपाथही उचलला जातो आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांएवढी कड झालेली तुम्ही पाहिली असेल. गुडघे दुखणाऱ्या आजी अशा कडेशी थांबतात, आधाराला काही आहे का बघतात आणि कित्येकदा तुमच्याच गाडीच्या सीटला धरून उतरतात. वॉकर घेतलेल्या माणसाला तर आधी वॉकर खाली ठेवावा लागतो, मग स्वतःला. वाहनं पाठीमागून येत असतील तर ती दिसत नाहीत. कानाला कमी ऐकू येत असेल तर ती आहेत हेही कळत नाही. गाडी ओलांडून पुन्हा वर चढायचं आणि चार पावलांवर पुन्हा उतरायचं. म्हणून मग ही मंडळी रस्त्याच्या कडेनेच चालू लागतात आणि आपण गाडीतून म्हणतो, ‘‘फुटपाथ सोडून हे लोक रस्त्यात कशाला येतात?’’

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले 32,825 पायी चालणारे होते. हे सगळे अडलेल्या फुटपाथमुळे गेले असं कोणी म्हणणार नाही. पण चालणाऱ्याला वाहनांच्या ओळीत ढकलायचं काम आपल्या गाडीने करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

‘‘मग गाडी लावायची कुठे?’’ हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. पुण्यात वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याच्या बातम्या 2018 सालीच छापून आल्या. लक्ष्मी रस्त्यावर सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाडी लावायची कसरत पुणेकर वर्षानुवर्षं करतात. पार्किंगसाठी मंजूर झालेल्या तळमजल्यावर दुकानं निघतात, तळघरात गोदामं होतात आणि महापालिका बघून न बघितल्यासारखं करते. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल महापालिकेला धारेवर धरलंच पाहिजे. पण जागा कमी आहे म्हणून ती कोणाकडून काढून घ्यायची? आपण ती काढून घेतो ज्याला गाडी नाही त्याच्याकडून, ज्याला चालवता येत नाही त्याच्याकडून, शाळेत निघालेल्या पोराकडून. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यात म्हातारपणामुळे काठी हातात आलेले सगळे धरलेले नाहीत, पाय प्लास्टरमध्ये असलेलेही नाहीत आणि एका कडेवर मूल व दुसऱ्या हातात पिशवी घेतलेली बाईही नाही.

दुसरा युक्तिवाद फेरीवाल्यांचा. ‘‘त्यांनी तर अख्खा फुटपाथ खाल्लाय, त्यांना सांगा आधी!’’ फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांच्या जागा ठरवून देणं पालिकेचं काम आहे आणि ते रखडलंय, हे मान्य. पण तिथे निदान एक माणूस पोटासाठी उभा असतो आणि ‘दादा, जरा सरका’ म्हटलं तर सरकतो. रिकामी गाडी सरकत नाही.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात चमत्कारिक वाटतो: ‘‘या फुटपाथवरून कोणी चालतच नाही.’’ जिथे पाऊल ठेवायला जागा नाही तिथे कोण चालणार? व्हीलचेअरवरचा माणूस तुम्हाला तुमच्या गल्लीत दिसत नसेल, तर तो गल्लीत राहत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तो घरात बसलेला असतो.

यात आणखी एक नुकसान आहे, जे गाडी गेल्यावरही मागे राहतं. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक माणसांच्या वजनासाठी बसवलेले असतात. त्यावर मोटार चढली की ते खचतात, एखादा ब्लॉक डुगडुगू लागतो आणि पावसाळ्यात त्याखाली पाणी साठतं. तुमच्या पँटवर उडालेली चिखलाची पिचकारी आठवत असेल. कुबडी घेऊन चालणाऱ्याची कुबडी त्याच डुगडुगत्या ब्लॉकवर पडली की तो कोसळतो.

कायदा आपल्याला पुरेसा स्पष्ट सांगतो. फुटपाथवर गाडी लावायची नाही आणि त्यावरून चालवायचीही नाही, दोन्ही नियमांत लिहिलेलं आहे. दंड पहिल्यांदा 500 रुपये, पुन्हा सापडल्यास 1500. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तर सांगितलं, की चालता येण्याजोगे पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ते अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत. पण प्रत्येक गल्लीत वाहतूक पोलीस उभा करता येत नाही. म्हणून पालिका दुसरा उपाय करते: फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी किंवा दगडी खांब रोवते. दुचाकी आत शिरू नये म्हणून ते इतके जवळजवळ रोवले जातात, की व्हीलचेअरही आत जात नाही. मुंबईतल्या अशा खांबांची तक्रार 2023 साली थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. म्हणजे आपल्या गाड्यांनी आधी वाट अडवली आणि गाड्या रोखायला घातलेल्या खांबांनी ती पुन्हा अडवली. दोन्ही वेळा बाहेर राहिला तो खुर्चीवरचा माणूसच.

तर विनंती अशी, की चाक फुटपाथवर चढवायचंच नाही. अर्धंही नाही, एका बाजूचंही नाही. जागा किती सोडायची हा हिशेबच मग उरत नाही. कामाच्या ठिकाणापासून दोन-तीनशे मीटरवर जागा मिळाली तर तिथे लावा आणि चालत या. ज्यांना चालता येतं त्यांनीच हे करायचं आहे. फुटपाथला जिथे उतार दिलेला असतो, तिथे तर क्षणभरही गाडी उभी करू नका. आपल्याला तो उतार गाडी चढवायला सोयीचा वाटतो, पण सबंध रस्त्यावर व्हीलचेअरला वर यायचं तेवढं एकच दार असतं. ते बंद झालं तर बाकीचा फुटपाथ मोकळा असून काही उपयोग नाही.

दुकानदारांना वेगळं सांगायचं आहे, कारण याबाबतीत पोलिसाइतकाच तुमचा शब्द चालतो. गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती मी समजू शकतो. पण ‘गाडी जरा खाली लावता का, तोवर माल बांधून ठेवतो’ असं हसून म्हटलेलं कोणाला लागत नाही. नाहीतरी दारासमोर दहा स्कूटरी असल्या की तुमची पाटीही दिसत नाही. दवाखान्यांनी तर हे आधी करावं. हाडांच्या दवाखान्याबाहेर पाय प्लास्टरमध्ये घातलेला पेशंट इतर पेशंटांच्या नातेवाइकांच्या गाड्यांमधून लंगडी घालत दारापर्यंत पोचतो, हे दृश्य आपल्याला विचित्रही वाटेनासं झालंय. सोसायट्यांनी पाहुण्यांच्या गाड्या आत घ्याव्यात. ‘व्हिजिटर्स पार्किंग बाहेर’ ही पाटी लावून आपण आपली अडचण फक्त गेटबाहेर ढकलतो.

दुसऱ्याची गाडी दिसली तर काय? ओरखडे काढू नका आणि हवाही सोडू नका, हवा सोडल्याने ती गाडी तिथेच अडकून राहते. मालक समोर असेल तर नियम सांगण्याऐवजी माणूस दाखवा. ‘‘दादा, गाडी खाली घेता का, आईला वॉकर घेऊन जायचंय’’ म्हटल्यावर बहुतेक जण निमूट घेतात. डिलिव्हरीवाल्या पोरावर खेकसण्यात तर काही पुरुषार्थ नाही. त्याच्या मागे घड्याळ लागलेलं असतं आणि ऑर्डर आपलीच असते. दोन पावलं पुढे जाऊन आपणच पार्सल घ्यावं. 2020 साली पुण्यात एक आजी फुटपाथवर उभ्या राहून दुचाकीस्वारांना परत रस्त्यावर पाठवत होत्या, तो व्हिडिओ देशभर फिरला. सगळ्यांना ते जमणार नाही आणि एकट्याने अंगावर घेऊही नये. रोज तीच गाडी तिथेच दिसत असेल, तर नंबर प्लेट आणि जागा कळेल असा फोटो काढून ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवर तक्रार टाका. खचलेल्या फुटपाथची किंवा अडवणाऱ्या खांबांची तक्रार पालिकेकडे करा, तिचा नंबर जपून ठेवा आणि पाठपुरावा करा. तक्रारीखाली सोसायटीतल्या चार-पाच जणांच्या सह्या असल्या तर ती सहजासहजी बाजूला पडत नाही.

आणि एक गोष्ट सहसा राहून जाते. अपंग माणूस म्हणजे फक्त चालणारा नव्हे, तोही गाडी चालवतो. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर तुम्ही पाहिली असेल. ती जास्त रुंद असते आणि तिला साइड स्टँडवर तिरकी करून फटीत घुसवता येत नाही. तिच्या अगदी शेजारी गाडी लावली, तर मालकाला कुबड्या टेकवायला जागा राहत नाही. मॉलमध्ये आणि कार्यालयांत व्हीलचेअरची खूण काढलेली मोटारीची जागा 3.6 मीटर रुंद असते, नेहमीच्या जागेपेक्षा बरीच जास्त. कडेला रिकामी दिसणारी ती पट्टी चुकून उरलेली नसते. मोटारीचं दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची उभी करायची आणि सीटवरून खुर्चीत सरकायचं, यासाठी ती ठेवलेली असते. एखादा माणूस सकाळी गाडी लावून कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा त्या पट्टीत कोणीतरी ‘जागा होतीच’ म्हणून दोन स्कूटरी लावलेल्या असतात. मग मालक सापडेपर्यंत त्याने स्वतःच्या गाडीबाहेर बसून राहायचं. वॉचमनला ती पट्टी कशासाठी आहे ते एकदा समजावून सांगा. बऱ्याच ठिकाणी हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.